बाप्तिस्म्यानंतरचे अरण्य : रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्रावरून

ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि तेथून आत मुरबाड-शहापुराकडे पसरलेल्या खेड्यापाड्यांतून ज्या लहानमोठ्या मंडळ्या प्रभुवारी उपासनेस जमतात, त्या सर्वांच्या मुखी प्रभूने शिकविलेली प्रार्थना असते. तीत परीक्षेविषयी एक मागणी आहे. लहान मूलही ती तोंडपाठ म्हणते. परंतु उपासना आटोपल्यावर उपदेशकाने ओटीवर बसून त्या मागणीचा अर्थ विचारिला, तर पुष्कळ जण घुटमळतात, असा आमचा अनुभव आहे. कोणी सांगतो, परीक्षा म्हणजे आजार, दुष्काळ आणि सावकाराचा तगादा. दुसरा सांगतो, परीक्षा म्हणजे ताडी, जुगार आणि परस्त्री. दोघांचेही उत्तर अर्धे बरोबर आहे. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत या दोन्ही गोष्टींस एकच शब्द आहे. सोने कसास लावणे आणि मनुष्यास भुरळ घालणे, हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात सामावलेले आहेत. घरातले मूल तापाने फणफणले आहे आणि शेजारी बाई भगताकडे चलण्याचा आग्रह करीत आहे. हा एकच प्रसंग देवाच्या हाती कसोटी असतो व सैतानाच्या हाती सापळा असतो. देव आपणहोऊन कोणास पापाची भुरळ घालीत नाही, हे याकोबाने आपल्या पत्रात निक्षून सांगितले आहे. फासा टाकणारा निराळा, आणि त्या फाशात पाय घालण्याची आवड तर आपलीच.

दुसरी एक गैरसमजूत याहून अधिक घातक आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर मोहही वाहून जातात, असे नव्या विश्वासणाऱ्यास वाटते. मग सहा महिन्यांनी जुना राग, जुनी लालसा पुन्हा डोके वर काढते, तेव्हा तो घाबरतो आणि आपला बाप्तिस्माच खोटा ठरला की काय, अशी शंका घेतो. अशा बंधूने मत्तयाच्या शुभवर्तमानातील तिसरा व चौथा अध्याय एकापुढे एक ठेवून वाचावेत. यार्देन नदीतून प्रभू वर आला, आणि त्यानंतर लगेच अरण्य, चाळीस दिवसांचा उपास व सैतानाची गाठ. मध्ये विसावा नाही. आणि त्याच्यापुढे प्रथम काय ठेविले गेले? भाकर. मद्य नव्हे, धन नव्हे. उपाशी मनुष्याच्या हक्काची भाकर. मोह वाईट वस्तूच्याच रूपाने येतो असे नाही, ही गोष्ट समजण्यास आम्हां स्वतःस पुष्कळ वर्षे लागली. ती ज्यांच्या चरित्रावरून आम्हांस विशेष उमगली, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची हकीकत आज येथे देत आहो. त्यांची गीते आपण दर आठवड्यास गातो, परंतु त्या गीतांमागे केवढी झुंज होती हे खेड्यांतील पुष्कळ बंधुभगिनींस ठाऊक नसेल.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. परंतु त्यांचे अक्षरशिक्षण झाले ते आपल्या कल्याणात. १८६९ पासून १८७३ पर्यंत सुमारे चार वर्षे ते कल्याणच्या शाळेत होते. त्या वेळचे कल्याण म्हणजे खाडीकाठचे एक जुने बंदर; दुर्गाडीचा किल्ला, तळी, वाडे आणि नव्याने आलेली आगगाडी. पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून जगास माहीत झालेली यमू त्याच गावची; ती १८६५ साली जन्मली होती, म्हणजे हा मुलगा शाळेत आला तेव्हा ती अवघी चार वर्षांची. मुंबईहून निघालेली आगगाडी १८५३ साली ठाण्यास व पुढच्याच वर्षी कल्याणास पोहोचली. मग कल्याणास लोहमार्गाचे दोन फाटे झाले, आणि ते पुढे बोरघाट व थळघाट फोडून गेले. एक नाशिकाकडे, दुसरा पुण्याकडे. टिळकांच्या पुढच्या आयुष्यात आलेली बहुतेक गावे या दोन फाट्यांवर वाटली गेली आहेत. एका बाजूस नाशिक, जलालपूर, नागपूर, राजनांदगाव; दुसऱ्या बाजूस अहमदनगर, पंढरपूर, सातारा.

कल्याणात वाढणाऱ्या प्रत्येक मुलाच्या कानी शिवाजी महाराज व कल्याणच्या सुभेदाराची सून यांची कथा पडतेच. लुटीबरोबर आणलेल्या त्या तरुण स्त्रीस महाराजांनी मानाने परत पाठविले, असे लोक सांगतात. ती जशी सांगतात तशीच घडली काय, याविषयी इतिहास जाणणाऱ्यांत मतभेद आहेत. पण लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जतन केली, यावरून मोह जिंकणाऱ्या पुरुषाविषयी त्यांस किती आदर आहे, हे दिसते. मात्र त्या कथेतला मोह उघड्या दरबारात समोर येऊन उभा राहिला होता. त्यास नाकारण्यास थोर मन लागते हे खरे, तरी तो ओळखण्यास काही कठीण नव्हता. टिळकांच्या वाट्यास आलेले मोह या प्रकारचे नव्हते.

बाळपण सुखाचे गेले नाही. आई लवकर वारली. वडील वामनराव अत्यंत तापट, आणि त्या तापटपणाचा चटका सर्व घरास बसे. आई गेल्यावर मुलाचे घरात चित्त रमेना. घर सुटले आणि तो नाशकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी तो संस्कृत काव्य शिकला; पुढे दोन वर्षे इंग्रजी शाळाही झाली. वयाच्या अठराव्या वर्षी पोटासाठी शाळा सोडून मास्तरकी धरावी लागली. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील एक मुलगी त्यांस दिली गेली, तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक. लग्नाच्या वेळी तिचे वय सुमारे अकरा वर्षांचे होते. लक्ष्मीबाईंनी उतारवयात 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिले, त्यामुळे आपणांस टिळकांच्या घरातली भांडी, भांडणे आणि आसवेसुद्धा ठाऊक आहेत. पतीचे दोष तिने झाकले नाहीत, आणि त्यामुळे पतीची किंमत कमी झाली असेही कोठे वाटत नाही. संतांची चरित्रे लिहिणाऱ्यांनी हे पुस्तक एकदा नीट वाचावे.

त्या पुस्तकातून तरुण टिळक जसे दिसतात, ते असे : बुद्धी तीव्र, हात सढळ, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. वडिलांच्या ज्या रागापासून पळून ते नाशकास आले, तोच राग ते आपल्या अंगरख्यात बांधून घेऊन आले होते. कोणत्याही गावी, कोणत्याही नोकरीत ते टिकले नाहीत. कधी शाळामास्तर, कधी पुराणिक, कधी छापखान्यात खिळे जुळविणारे. मनास आले की उठून चालू लागावे आणि घरी बायकोने वाट पाहावी, असा क्रम कित्येक वर्षे चालला. घरात पैसा आला की तो दारी आलेल्या पहिल्या गरजवंतास जावयाचा, मग संध्याकाळी चुलीवर काय शिजवावे ही चिंता लक्ष्मीबाईंची. उदारपणा हा गुण खरा. परंतु दुसऱ्याच्या भुकेवर केलेला उदारपणा हाही एक मोहच असतो, असे आम्हांस वाटते. टिळकांस ते उमगण्यास वेळ लागला, आणि ते पुरे उमगले असेही म्हणवत नाही.

१८९१ साली नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम मिळाले व 'ऋषि' नावाचे मासिकही त्यांनी चालविले. धर्माविषयी मनात खळबळ चाललेलीच होती. १८९३ साली राजनांदगाव संस्थानात नोकरीच्या शोधार्थ जात असता आगगाडीत अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या मिशनऱ्याची गाठ पडली. त्या गृहस्थांनी काव्यशास्त्राविषयी गोष्टी केल्या, नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांस ते हास्यास्पद वाटले. परंतु पुस्तक वाचण्याचे वचन दिले होते, म्हणून ते वाचू लागले. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर मात्र त्यांस पुस्तक खाली ठेवता येईना.

येथून पहिला मोह सुरू झाला. तो असा की, मनात ख्रिस्ताचे व्हावे आणि जगास कळू देऊ नये. आपले नाव न सांगता ते ख्रिस्ती लोकांशी पत्राने विचार करू लागले. रात्री येशूकडे आलेल्या निकदेमाची ही वाट आपल्या ओळखीची आहे. आजही ठाण्या-कल्याणाच्या कारखान्यांत, कचेऱ्यांत व चाळींत असे पुष्कळ निकदेम आहेत. त्यांस आम्ही दोष देत नाही. त्यांच्या घरात काय आहे ते त्यांचे त्यांस ठाऊक. टिळकांच्या घरात तरुण पत्नी होती, आणि १८९१ साली जन्मलेला लहानगा दत्तू होता. पुढे काय होईल हे त्यांस पुरे ठाऊक होते. दोन वर्षे ते या उंबरठ्यावर उभे राहिले. शेवटी १० फेब्रुवारी १८९५, प्रभुवारच्या दिवशी, मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आणि अरण्य सुरू झाले.

बातमी कळताच लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. कपाळी कुंकू असून लोकांच्या नजरा विधवेकडे पाहाव्या तशा. नातलगांनी त्यांस व मुलास सांभाळिले, आणि पुढे त्यांचा बराच काळ पंढरपुरास गेला. सुमारे साडेचार वर्षे पती-पत्नींची ताटातूट राहिली. टिळक अहमदनगरास मिशनच्या कामात, आणि त्यांचे बाळ दुसऱ्याच्या मांडीवर. या साडेचार वर्षांविषयी आम्ही थोडे विस्ताराने लिहिणार आहो, कारण मोहाचे खरे स्वरूप येथे दिसते.

परत फिरण्याचा मोह उघडच होता. प्रायश्चित्त देऊन बाटलेल्यास परत घ्यावे की नाही, याविषयी मुंबई इलाख्यात १८४३ सालच्या श्रीपत शेषाद्रीच्या प्रकरणापासून वाद चालत आला होता. वाट बिकट असली, तरी तिची चर्चा होती, तिचे पुरस्कर्ते होते. पत्नीचे दुःख, पुत्राचे मुख, गेलेली प्रतिष्ठा, हे सर्व त्या वाटेच्या टोकाशी उभे होते. यात वाईट वस्तू कोणती? एकही नाही. पत्नीवर प्रेम करणे हे पाप नव्हे, मुलास भेटण्याची तळमळ हे पाप नव्हे. येथे पुन्हा भाकरच पुढे केली गेली होती. फक्त ती मिळविण्यासाठी ज्याच्यापुढे गुडघे टेकावयाचे, तो प्रभू नव्हता.

पण याच्या उलट दिशेचा आणखी एक मोह होता, आणि तो अधिक सूक्ष्म होता, कारण तो ख्रिस्ती बाजूने व कायद्याच्या हाताने येत होता. १८६६ साली सरकारने एकविसावा कायदा केला होता. धर्मांतरामुळे ज्याची पत्नी अथवा जिचा पती सहा महिने सतत सोडून राहील, त्या ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास त्या कायद्याने कोर्टात अर्ज करिता येई. न्यायाधीशाने दुसऱ्या पक्षाची विचारपूस करावी, एक वर्ष वाट पाहावी, आणि तरीही तो पक्ष येत नसेल तर विवाह मोडून दोघांस मोकळे करावे, अशी त्यात व्यवस्था होती. कायदा अन्यायाचा नव्हता. पुष्कळ निराधार नवख्रिस्ती लोकांस त्याची गरज होती. टिळक तेहतीस-चौतीस वर्षांचे होते. त्यांनी नवा संसार मांडिला असता, तर मंडळीत कोणी बोट दाखविले नसते. टिळकांनी ती वाट धरिली नाही. ते थांबले. पत्रे लिहीत राहिले, कविता लिहीत राहिले.

आता हे कोण थांबले, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. जो मनुष्य एका नोकरीत वर्षभर थांबत नसे. ज्यास ताटातली आमटी अळणी लागली तर राग आवरत नसे, अशा घरात जो वाढला. पत्नी ही आपल्या आज्ञेची दासी, असे ज्यास त्या काळच्या चालीने लहानपणापासून शिकविले होते. तो साडेचार वर्षे थांबला. पाण्याने राग धुऊन गेला नव्हता. राग होताच. त्याच्या शेजारी कोणी दुसरा येऊन बसला होता, एवढाच फरक.

पुढे पत्नी व मुलगा परत आले, आणि मोह संपला असे कोणास वाटेल. पण परीक्षा खरी तेव्हाच झाली. लक्ष्मीबाई आल्या त्या आपल्या धर्मासह आल्या. त्यांची चूल निराळी, पाणी निराळे, सोवळे निराळे. जलालपूरच्या माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक होते की, त्यापुढे साधारण ब्राह्मणघरचे सोवळे फिके पडावे. त्यात त्या वाढलेल्या. नवरा ख्रिस्ती उपदेशक आणि त्याच्या घरात त्याच्याच हातचे पाणी चालत नाही! मिशनच्या आवारात लोक काय म्हणत असतील, याची कल्पना करावी. ज्याच्या स्वतःच्या घरात सुवार्ता शिरत नाही तो आम्हांस काय सांगणार, असा टोमणा आमच्या किती उपदेशकांनी ऐकिला आहे! अशा वेळी घरात जाऊन एकदा गर्जना करावी, चूल मोडावी, आणि दुसऱ्या दिवशी पत्नीस पाळकांपुढे उभी करावी, हा मोह लहान नव्हे. आणि त्यास देवाच्या कार्याचे नाव देता येते, म्हणून तो फारच मोठा. टिळकांनी पत्नीवर धर्माच्या बाबतीत जुलूम केला नाही. तिची चूल तिला ठेवू दिली. पुढे राहुरीस असता लक्ष्मीबाईंच्या मनात जातिभेदाविषयी आपोआप विचार सुरू झाले. मनुष्यांतील उच्चनीचपणा देवाने केला की मनुष्याने, हे त्यांनी आपल्याच मनाशी उलगडिले, आणि मग सर्वांच्या हातचे अन्नपाणी त्यांस चालू लागले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा विश्वास उसना नव्हता, म्हणून तो पतीच्या मृत्यूनंतरही टिकला.

रागाविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकितो. कल्याण स्टेशनावर जेथे दोन फाटे निघतात, तेथे रुळांचा सांधा असतो. सांध्यापाशी दोन वाटांत अंतर किती? दोन बोटांचे. पुढे एक गाडी नाशकास जाते व दुसरी पुण्यास. सांधेवाल्याचे काम गाडी सांध्यावर येण्यापूर्वीचे असते. डबे पुढे गेल्यावर त्याने कितीही निशाण हालविले, तरी उपयोग नाही. आम्ही स्वतः तरुणपणी एका खेड्यातील मंडळीत काम करीत असता, पहिल्या फळांच्या सणाच्या दिवशी बसण्याच्या जागेवरून एका वडील मंडळीबंधूवर रुष्ट झालो, आणि दोन महिने त्यांच्याशी बोललो नाही. प्रत्येक प्रभुवारी क्षमेवर उपदेश मात्र करीत होतो. त्या दिवशी सतरंजीच्या एका कोपऱ्यावर जी दोन बोटे जागा होती, तेथे मन वळविले असते, तर काम सोपे होते. दोन महिन्यांनंतर त्यांच्या दारी जाताना आमच्या पायांत मणामणाच्या बेड्या आहेत असे वाटले. ते वृद्ध गृहस्थ उठून सामोरे आले आणि त्यांनी आधी पाणी दिले. विषय त्यांनी काढिलाच नाही.

टिळकांचा राग मरेपर्यंत पुरा गेला नाही. लक्ष्मीबाईंनीच तसे दाखविले आहे. परंतु राग येऊन गेल्यावर लहानांपुढेही आपली चूक कबूल करण्यास ते लाजत नसत. मोहाशी झुंजण्याचे हे एक साधन आहे, आणि आमच्या मंडळ्यांत ते फार थोडे वापरले जाते. आपण देवापुढे पाप कबूल करितो, कारण तो दिसत नाही. बायकोपुढे, मुलापुढे, ज्याचे मन दुखविले त्या मजुरापुढे कबूल करणे निराळे. जे पाप उजेडात मांडिले जाते, त्याचे पुढच्या वेळी धैर्य कमी होते.

अहमदनगरास टिळकांनी धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकविले, १९०४ साली त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे आले. त्यांनी शेकडो ख्रिस्ती पदे रचिली. मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात अडीचशेहून अधिक गीते त्यांची आहेत. त्याचबरोबर फुलांवर व मुलांवर लिहिलेल्या कवितांनी सबंध महाराष्ट्रात त्यांचे नाव झाले. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, हे त्यांच्या घरी येऊन राहिले होते. हिंदू रसिकांनी टिळकांस डोक्यावर घेतले. हा मान गोड असतो, आणि तो ज्यांच्याकडून मिळतो त्यांच्याच मनास जे खुपते, ते हळूच गिळून टाकण्याचा मोह पडतो. थोडे येशूचे नाव कमी घ्यावे, म्हणजे आणखी चार दारे उघडतील, हा तो मोह. टिळकांनी देशावर कविता केली, फुलांवर केली, आणि ख्रिस्तावरही केली. एकीसाठी दुसरी लपविली नाही. उलट दुसऱ्या बाजूने, ख्रिस्ती झाल्यावर आपला देश, आपली भाषा, अभंग व कीर्तन ही टाकून द्यावी, असे ज्या ख्रिस्ती लोकांस वाटे, त्यांचेही त्यांनी ऐकिले नाही. याविषयी परदेशी मिशनऱ्यांशी त्यांचे खटके उडत. त्यांतले सर्वच योग्य होते असे आम्ही म्हणत नाही. योग्य कारणासाठी रागावण्याची चव एकदा लागली की कारण मागे राहते व राग पुढे जातो, आणि टिळकही मनुष्यच होते.

ब्राह्मणपणाचा अभिमान टाकणे हे त्यांस किती कठीण गेले असेल, याचा विचार आपण पुरेसा करीत नाही. नगर जिल्ह्यातील मंडळ्या बहुतांशी महार व मांग समाजांतून आलेल्या. त्यांच्या पंगतीस पंडिताने बसावे, त्यांच्या मुलांस कडेवर घ्यावे, त्यांच्या ओटीवर कीर्तन करावे, हे टिळकांनी केले. आणि आपल्या मंडळ्यांत? लग्न जुळविण्याची वेळ आली की पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांत पूर्वीची जात बायबलाच्या मागून हळूच डोके काढिते. तिला कोणी मोह म्हणत नाही, चालरीत म्हणतात.

आता शेवटच्या मोठ्या परीक्षेकडे येऊ. १९१७ साली टिळक पंचावन्न वर्षे ओलांडून गेले होते. मिशनच्या सेवेत वीस वर्षांहून अधिक काळ गेलेला, नाव झालेले, शरीर थकू लागलेले. अशा वयात मनुष्य काय पाहतो? महिन्याचा पगार, डोक्यावरचे छप्पर, मुलांची व्यवस्था. टिळकांनी त्या वर्षी मिशनची नोकरी सोडिली, संन्यासवृत्ती स्वीकारिली, आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' या नावाची बंधुता उभारण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तीत यावेत, अशी त्यांची कल्पना होती. पुष्कळ ख्रिस्ती लोकांस ते रुचले नाही. बाप्तिस्म्याचे महत्त्व यात कमी होते, ही शंका अगदीच निराधार होती असेही नाही. येथे आमच्या मनात दोन विचार येतात. पोटाच्या काळजीचा मोह त्यांनी झुगारिला, याबद्दल शंका नाही. परंतु मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचा मोह म्हणून जो एक प्रकार प्रभूस दाखविला गेला होता, त्याची छाया अशा धाडसावर कधी पडते की नाही? देव मला झेलीलच, अशा भरवशाने जो स्वतः उडी घेतो, त्याच्याबरोबर त्याची बायको व मुलेही खाली येतात. लक्ष्मीबाईंस ही काळजी वाहावी लागली. टिळकांच्या पाऊलाचा निवाडा करण्याचे काम आमचे नव्हे. मात्र जो उपदेशक पगार सोडून संन्यास घेऊ पाहतो, त्याने आधी घरी विचारावे.

दरबाराचे रोप नीट रुजण्यास वेळ मिळाला नाही. दोन वर्षेही पुरती झाली नाहीत तोच दुखण्याने त्यांस घेरिले. मुंबईस ९ मे १९१९ रोजी टिळकांनी देह ठेविला. त्यांचे वय सत्तावन्न वर्षांचे होते. ज्या मुंबईत चोवीस वर्षांपूर्वी त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेथेच शेवट झाला.

प्रभूचे चरित्र ओवीबद्ध करावे म्हणून 'ख्रिस्तायन' नावाचे महाकाव्य त्यांनी हाती घेतले होते. त्याचे थोडेच अध्याय लिहून झाले होते. जिची चूल निराळी होती, जिच्यासाठी ते साडेचार वर्षे थांबले होते, त्या लक्ष्मीबाईंनी ते काम पुढे उचलिले. शाळेत त्या कधी गेल्या नव्हत्या. अक्षरओळख लग्नानंतर पतीकडून झालेली. घरातली कामे, पोरक्या मुलांचे संगोपन, नातवंडे आणि वाढते वय, हे सर्व सांभाळून त्या ओव्या रचीत राहिल्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या, तोपर्यंत त्यांनी उरलेले अध्याय पुरे केले होते. ते काव्य १९३८ साली छापून बाहेर पडले, आणि त्यावर दोघांचीही नावे आहेत.